रजेचं कारण

(एका वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘काम, कामाच्या सवयी आणि सुट्टी’. तिन्हींवर बोलणार आहे. पण सुरुवात करतो एका रकान्यापासून. रजेच्या अर्जावर एक ओळ असते, ‘रजेचे कारण’. ती ओळ अर्जावरून काढून टाकावी, असं माझं म्हणणं आहे, आणि हे मी आज नाही, बरीच वर्षं म्हणतोय.

मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली. त्यातली १९ आस्थापना शाखेत. मस्टर, सेवापुस्तकं, रजेचे हिशेब, सगळं माझ्या टेबलावर. त्यामुळे माणसं सुट्टी मागताना काय काय लिहितात, ते मी हजारोंनी वाचलंय. सगळ्यात जास्त ‘घरगुती कारणास्तव’. त्याखालोखाल ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’. मग लग्नं, बारशी, आणि मग मृत्यू. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी अर्जात आपली आजी एकापेक्षा जास्त वेळा मारली आहे? हात वर करा. (हशा) मागच्या रांगेत तर दोन-दोन हात दिसतायत. बरं, आता खाली घ्या. आजीवर तुमचं प्रेम होतं, हे मला माहीत आहे. ‘मला दोन दिवस घरी बसायचं आहे’ हे लिहिलं तर चालणार नाही, हेही तुम्हाला माहीत होतं. खरं लिहायची सोय नसली की चांगली माणसं खोटं लिहायला लागतात, आणि पुढे त्याची सवय होते.

आमच्याकडे एक शिपाई होते. नाव सांगत नाही. सगळे मामा म्हणायचे. गाव नदीकाठचं, एसटीने अडीच तास. एका जुलैत आठवडाभर पाऊस लागला होता. मामांनी दोन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज दिला. वर्षाच्या आठ किरकोळ रजांपैकी सहा शिल्लक होत्या. कारण लिहिलं होतं, ‘गावी नदीला पाणी चढले आहे, ते बघावयास जाणे आहे.’ अक्षर सुरेख होतं त्यांचं. मी टिपणी लिहिली, ‘रजा शिल्लक आहे, आदेशार्थ सादर.’ साहेबांचा शेरा आला, ‘कारण संयुक्तिक नाही. नामंजूर.’

मामा माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, “भाऊसाहेब, म्हणजे पाणी आलं नाही असं साहेबांना वाटतंय का?” मी म्हटलं, तसं नाही मामा, पाणी बघायला रजा देत नाहीत. मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी सांगितलं. लहानपणी पूर आला की वडील त्यांना घाटावर न्यायचे आणि किती पायऱ्या बुडाल्या ते मोजायचे. दरवर्षी. आकडा घरात भिंतीवर कोळशाने लिहून ठेवायचे. वडील मागच्या थंडीत गेले होते. “या साली मोजायला कुणी नाही हो घरात.”

मंडळी, याहून संयुक्तिक कारण मी तरी आयुष्यात वाचलेलं नाही. पण ते अर्जात मावत नव्हतं. मी काय केलं? नवा कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, मामा, ताप आला म्हणून लिहा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लिहिलं, आणि पंधरा मिनिटांत रजा मंजूर झाली. सोमवारी ते परत आले. मी विचारलं, किती पायऱ्या बुडाल्या मामा? म्हणाले, “मी तापात होतो ना भाऊसाहेब. पायऱ्या कशा मोजणार?”

(थांबून) ते उत्तर मला अजून लागतं.

जाता जाता पोळ्याचं सांगतो. ज्यांच्या घरी बैल होते त्यांना आठवत असेल. आदल्या दिवशी खांदे मळायचे, हळद आणि लोणी लावून. आणि बैलाला सांगायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी जू नाही, औत नाही. बैलाला कुणी कारण विचारत नाही. वर्षभर राबला, एवढं पुरतं.

आणि ज्यांना रजा हा शब्दच नाही, त्यांचं काय? माझी मावशी दुसऱ्याच्या शेतात रोजाने जायची. तिच्याकडे एकच शब्द होता, खाडा. खाडा झाला की रोज बुडाला. आपल्या घरी भांड्याला येणाऱ्या बाईंचाही खाडाच होतो, आणि दुसऱ्या दिवशी दारातच आपण कारण विचारतो. साहेबांना नावं ठेवताना हेही आठवू द्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिलीत. मुख्य मुद्दा तर अजून व्हायचाय. भराभर सांगतो.

ज्या रविवारी आपण इथे जमलोय तो आपोआप आलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत, आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय, तर रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात दोन बायका बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला.

रविवार हा खंडोबाचा वार, हे कारण तेव्हा पुढे केलं गेलं असं सांगतात. पण एकदा रविवार मिळाल्यावर, जेजुरीला जाऊन आलास का, असं सोमवारी कुणी कुणाला विचारलं नाही. आपल्याकडे बिनकारणाची सुट्टी म्हणाल तर ती ही एकच. तेच रजेला लावा, एवढंच मी म्हणतोय.

रजेच्या नियमांत वाक्य आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. ठीक आहे. काम अडत असेल तर साहेबांनी तारीख पुढे ढकलावी, तो त्यांचा अधिकार. कुणी गैरफायदा घेईल म्हणाल, तर आठ रजा आठच राहणार, कारण लिहिलं काय आणि न लिहिलं काय. आजारपणाला वैद्यकीय दाखला लागतो, तो लागू द्या. बाकीच्या अर्जावर नाव, तारखा, शिल्लक आणि काम कोण बघणार, एवढंच असावं.

अर्जित रजेचं रोखीकरण, ३०० दिवस साठवण्याची हौस, हे राहिलंच. त्यावर इतकंच सांगतो की निवृत्तीच्या दिवशी मला ३०० दिवसांचे पैसे मिळाले, आणि ते साठवण्यापायी मुलीच्या शाळेतलं एकही स्नेहसंमेलन मी पाहिलं नव्हतं.

बाहेर चपलांच्या स्टँडशेजारी टेबल आहे. त्यावर नव्या अर्जाचा नमुना आणि शासनाला द्यायचं निवेदन ठेवलंय. जाताना सही करा. पेन दोनच आहेत, जरा रांग लागेल.