माटोळीखालचा वर्ग

नमस्कार श्रोतेहो.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या प्राथमिक शाळांतून मी तीस वर्षे शिकवले. परिसर अभ्यास हा विषय मात्र मला खऱ्या अर्थाने कळला तो एका चौथीच्या मुलीमुळे.

चतुर्थीची सुट्टी संपून शाळा भरली होती. वनस्पतींच्या उपयोगांचा पाठ चालू होता. फळ्यावर तुळस, कडुनिंब, कोरफड लिहून झाले आणि तिने विचारले, "बाई, कांगलां कशाला लागतात?" पिवळी बोंडे उकलून आतले तांबडे दाणे दिसणारी कांगलां मी लहानपणापासून माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या लाकडी चौकटीला, बांधलेली पाहत आले, पण त्यांचा उपयोग मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तीच आजीला विचारून आली. बियांचे तेल काढतात, दुखऱ्या सांध्यांना चोळतात. हीच मालकांगोणी.

मग आम्ही पाठ बाजूला ठेवला आणि माटोळीची वही केली. घरी गणपतीवर काय काय बांधले होते, ते कुणी आणले, कुठून आणले, झाड की वेल? कवंडळ वेलीला लागते, दिसायला लालभडक, पण तोंडात घालायचे नाही. घागऱ्योची शेंग वाळली की आतल्या बिया खुळखुळतात. गोव्याचा राज्यवृक्ष माट्टी, हे मुलांना पाठ होते. त्याच माट्टीची पाच पंखांची फळे आपल्याच घरात टांगलेली होती, हे त्या दिवशी कळले. 'कुठून आणले' या रकान्यात एकाने लिहिले, "आधी घरामागच्या डोंगरावर मिळायचे, आता बाबा लांब जातात." डोंगर कुणी कापला, अख्खी वेल ओढली की एकच घोस काढला, यावर मुले तासभर बोलली. मी फक्त ऐकत होते.

शाळेत पर्यावरण शिकवले पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. पुस्तके आली, तीही चांगली आहेत. पण पुस्तक साऱ्या राज्याला एक असते आणि परिसर दर गावाचा वेगळा. खाजनाकाठच्या, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतजमिनीजवळच्या, शाळेने मुलांना मानशीवर, बांधातल्या पाण्याच्या दारांपाशी, न्यावे. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने लाकडी दारे मिटतात, ओहोटीला उघडतात, खारे पाणी शेतात शिरत नाही. वीज नाही, यंत्र नाही. मोरजी, गालजीबाग या किनाऱ्यावरच्या गावांतल्या मुलांना तर कासवे अंडी घालायला येतात ती वाळू घराजवळच आहे.

शिक्षकांची अडचण मला माहीत आहे. मुलांना फाटकाबाहेर न्यायचे म्हणजे परवानगी आणि जबाबदारी, त्यात अभ्यासक्रम मागे राहतो. अशा वेळी गावालाच वर्गात बोलवावे. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, राबणारा बागायतदार, रानभाजी ओळखणारी आजी, मानशीची राखण करणारा माणूस एक तास आनंदाने देतो, मी अनुभवले आहे. आणि पर्यावरण दिनाला रोप लावणार असाल, तर मार्चमध्ये त्याला पाणी कोण घालणार तेही त्याच दिवशी ठरवा.

पालकांना एक विनंती. यंदा माटोळीचे सामान आणायला जाताना मुलांना बरोबर न्या. बाजारातून आणणार असाल तरी न्या, आणि विकायला बसलेल्या बाईंना विचारू द्या, "हे कुठल्या रानातले?" ऐकलेले नाव घरी येऊन वहीत लिहू द्या.

नमस्कार.