प्रवेश घेताना बसचं वेळापत्रक मागा

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचे निकाल लागले, गुणपत्रिका हाती आल्या. आता गावोगावचे आईबाप पोरापोरींना घेऊन विद्यापीठांच्या गेटावर जातील. हातात प्लास्टिकची फाइल, फायलीत टीसी, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता. कोणते कागद लागतात ते तुम्हाला पाठ आहे, त्यासाठी सेतू केंद्रात तुम्ही चकरा मारलेल्या आहेत, म्हणून त्यात मी वेळ घालवत नाही. मला बोलायचं आहे ते गेटाच्या आतल्या व्यवस्थेबद्दल. आपल्या विदर्भात आता शहराबाहेर, शेतांच्या मधोमध खाजगी विद्यापीठं उभी आहेत. तीन-चार हजार मुलं, त्यातली निम्मी आसपासच्या खेड्यांतून रोज ये-जा करणारी. पालक जातात, इमारत बघतात, संगणकाची खोली बघतात आणि फी भरून येतात. बस किती वाजता सुटते, मेसमध्ये रात्री काय वाढतात, ग्रंथालय कधी बंद होतं, फी हप्त्यानं घेतात का, हे कुणी विचारत नाही. आणि खेड्यातल्या पोराचं शिक्षण अडतं ते इथंच. वर्गात कमी अडतं, इथं जास्त अडतं.

यावर मला एक हकिकत सांगायची आहे. माझ्या भाचीची आहे. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण असं कुठंही घडू शकतं.

भाची बी.एस्सी.ला. गाव हमरस्त्यापासून आत, फाट्यावर उतरायचं आणि पुढं पायी किंवा कुणाच्या गाडीवर. विद्यापीठाची बस होती, बसचे पैसे वर्षाचे आगाऊ भरलेले होते. ही बस संध्याकाळी पावणेपाचला सुटायची, आणि रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल संपायचं पाचला. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस या फाट्यावरच्या अकरा पोरींपुढं दोनच रस्ते. साडेचारला प्रॅक्टिकल अर्धवट सोडून निघा, मग जर्नलवर सही नाही आणि हजेरीही कापली जाते. किंवा पूर्ण करा, आणि मग हमरस्त्यावर काळी-पिवळीची वाट बघत उभ्या राहा. जुलै-ऑगस्टात चाललं. पण कार्तिक लागला की आपल्याकडे सहाच्या आतच अंधार पडतो. दोघी-तिघींच्या घरी बोलणं सुरू झालं, की पुरे झालं आता, प्रायव्हेट फॉर्म भरून दे.

पोरी परिवहन विभागात गेल्या. तिथले साहेब म्हणाले, बघतो. पंधरा दिवसांनी पुन्हा गेल्या. बघतो म्हणाले. मग त्यांनी अर्ज लिहून दिला. तीन आठवड्यांनी विचारायला गेल्या, तर साहेब म्हणतात, कोणता अर्ज?

भाची घरी येऊन रडली. तिची आई, म्हणजे माझी बहीण, अंगणवाडी सेविका आहे. तिची उभी हयात रजिस्टरं भरण्यात गेली. तिनं पोरीला एकच प्रश्न विचारला, "पोच घेतली होती का?"

पोच घेतलेली नव्हती.

श्रोतेहो, हे नीट ऐका. अर्ज दोन प्रतींत करायचा. एक प्रत आवक-जावकच्या टेबलावर द्यायची, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ती दुसरी प्रत म्हणजे पोच. तोंडी विनंती हवेत जाते. पोच नसलेला अर्जही हवेतच जातो.

दुसरा अर्ज असा गेला, थेट कुलसचिवांच्या नावानं, शिक्क्यासकट. अकरा सह्या, प्रत्येकीच्या नावापुढं गाव, फाट्यापासून गावाचं अंतर, आणि प्रॅक्टिकलचे वार. आठ दिवसांत लेखी उत्तर आलं. उत्तर नकाराचं होतं, पण कारण दिलेलं होतं. जादा फेरी लावायची तर जादा गाडी, जादा चालक, जादा डिझेल. अंदाजपत्रकात तरतूद नाही. आता हे उत्तर पोरींच्या दृष्टीनं वाईटच. पण बघतो या शब्दाला धरून भांडता येत नाही. नकाराचं कारण लिहून मिळालं, की त्या कारणाला उत्तर शोधता येतं. डिझेलचा प्रश्न आहे, हे पोरींना पहिल्यांदाच कळलं.

आणि इथं गोष्टीला कलाटणी मिळाली. कँटीनच्या मागं, कडुनिंबाखाली, बसचे चालक दुपारचा डबा खातात. एक वयस्कर काका होते, पोरी त्यांच्याच गाडीनं सकाळी यायच्या. एक दिवस भाचीनं ते उत्तर त्यांना वाचून दाखवलं. काकांनी भाकरीचा घास हातातच ठेवला आणि म्हणाले, "अवं पोरीहो, जादा डिझेल कायले लागते? मी त रोजच साडेपाचले रिकामी गाडी घेऊन तालुक्याले जातो. पंपावर डिझेल भराले. तुमच्याच फाट्यावरून जातो मी!"

रोज साडेपाचला. रिकामी गाडी. त्याच रस्त्यानं. आणि हे परिवहन विभागात कुणाला सुचलं नव्हतं, कारण तिथं फेरी म्हणजे पासधारकांची फेरी. डिझेलला जाणारी गाडी त्यांच्या कागदावर वेगळ्या रकान्यात होती. ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्या माणसाला कुणी विचारलंच नव्हतं.

तिसरा अर्ज चार ओळींचा. डिझेल भरण्यासाठी रोज साडेपाच वाजता तालुक्याला जाणाऱ्या रिकाम्या गाडीतून आम्हाला फाट्यापर्यंत सोडावे. आमच्याकडे वार्षिक पास आहेत. जादा खर्च नाही. सोबत आधीच्या नकाराची प्रत, आणि अर्थात पोच. त्याच आठवड्यात मंजुरी आली. पहिल्या दिवशी गेटवरच्या गार्डनं पोरींना चढू दिलं नाही, पासवर पावणेपाचची वेळ आहे म्हणाला. काका गाडीतून उतरले, मंजुरीचं पत्र त्याच्या हातात दिलं आणि तो पूर्ण वाचेपर्यंत उभे राहिले. मग गाडी निघाली. दुसऱ्या सत्रात ती साडेपाचची फेरी छापील वेळापत्रकात आली, आणि त्या रस्त्यावरच्या आणखी दोन फाट्यांवरची मुलंही तिनंच जाऊ लागली. अकराच्या अकरा पोरी परीक्षेला बसल्या. त्या काकांचा विद्यापीठानं सत्कार करायला हवा होता, हे माझं ठाम मत आहे. सत्कार नेहमी व्यासपीठावरच्यांचेच होतात.

बसचं निघालं म्हणून सांगतो, एसटीचा विद्यार्थी पास विसरू नका. त्यावर दोन-तृतीयांश सवलत आहे, फक्त एक-तृतीयांश भाडं भरायचं. मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे, पण रोज ये-जा करणाऱ्या मुलीला पासच स्वस्त पडतो. विद्यापीठाच्या बसचे वर्षाचे पैसे भरण्याआधी ही बेरीज घरी बसून करा.

आता मेस. जे मुलं वसतिगृहात राहतात त्यांच्यासाठी मेस म्हणजे घरच. प्रवेशाच्या दिवशी दुपारी पैसे देऊन तिथं एकदा जेवा, आईबाप दोघांनीही. पोळी, वरण, भात, आलू-वांग्याची भाजी, एवढं नीट मिळत असेल तर पोरगं टिकेल. मला खंत वाटते ती ज्वारीची. आपल्या वऱ्हाडात सोयाबीननं ज्वारीचं रान खाल्लं, ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तसे गोठे रिकामे झाले, आणि आता शेतकऱ्याच्या पोराला मेसमध्ये भाकर मागायची लाज वाटते. आठवड्यातून दोन दिवस भाकर-पिठलं ठेवायला कोणत्याही विद्यापीठाला काही अवघड नाही.

वसतिगृहाचं महत्त्व आपल्या भागाला नवीन नाही. पापळ गावात जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं, 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. खेड्यातलं पोरगं शिकायचं तर आधी त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय लागते, हे त्यांना ठाऊक होतं. आज एप्रिलात पारा 43-44 वर जातो, परीक्षा तेव्हाच असतात. खोलीत कूलर आहे का, कूलरला पाणी कोण भरतं, वीज गेली तर जनरेटर फक्त ऑफिसला आहे की वसतिगृहालाही, ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं आहे, हे रेक्टरला विचारा. आणि विचारायला मुलालाच पुढं करा.

फीचं बोलतो, कारण इथं शेतकऱ्याची खरी कोंडी होते. फी भरायची जुलै-ऑगस्टात. तेव्हा बी-बियाणं, खत, फवारणी यात हातचा पैसा गेलेला असतो. सोयाबीन घरात येतं दसऱ्याच्या आसपास, कापसाचा पैसा दिवाळीनंतर. म्हणून हप्त्यांची मागणी प्रवेशाच्या वेळीच करा, आणि हप्त्यांच्या तारखा लेखी घ्या. पुन्हा सांगतो, लेखी घ्या. दुसरं, सरकारी शिष्यवृत्तीच्या सगळ्या योजना खाजगी विद्यापीठाला सरसकट लागू नसतात. शेजारच्याच्या पोराला अनुदानित महाविद्यालयात फी माफी मिळाली, म्हणून आपल्यालाही मिळेल असं धरून चालू नका. कोणती योजना या विद्यापीठाच्या या अभ्यासक्रमाला लागू आहे, ते पैसे भरण्याआधी विचारा.

प्रवेश रद्द करायची वेळ आली तर मूळ टीसी, मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं तशी मनाई केलेली आहे. फीचा परतावाही तारखेवर अवलंबून असतो. जितका उशीर तितका परतावा कमी. घरात चर्चा करत महिना घालवू नका.

आणि अर्ज करूनही कुणी दाद देत नसेल, तर? आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे. तिनं 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तिचा निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत लोकपालाकडे दाद मागता येते. हा लोकपाल निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो. खाजगी विद्यापीठालाही हा नियम लागू आहे. समितीपुढं जाताना तुमच्याकडे काय लागेल ते आता तुम्हाला माहीत आहे, पोच.

दोन फोन नंबर सांगतो, पेन घ्या. घरापासून पहिल्यांदाच दूर राहणारं पोरगं गप्प गप्प झालं, जेवेनासं झालं, तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, एक-चार-चार-एक-सहा. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. त्यांच्याशी आईबापही बोलू शकतात. पुन्हा सांगतो, 14416.

दुसरा रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, आणि आयोगाचे नियम 2009 चे आहेत. सीनियर मुलांनी रात्री खोलीत बोलावून छळलं तर ती गंमत नाही, तो गुन्हा आहे, आणि तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं. नंबर घ्या, 1800-180-5522. एक-आठ-शून्य-शून्य, एक-आठ-शून्य, पाच-पाच-दोन-दोन. पोराच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः सेव्ह करून द्या, वसतिगृहात सामान ठेवायला जाल त्याच दिवशी.

नमस्कार.