‘ॲनॉन’ म्हणजे नेमकं केव्हा?

नमस्कार श्रोतेहो. आज जुन्या इंग्रजीतले काळवेळेचे शब्द. पहिला शब्द ॲनॉन. ए, एन, ओ, एन.

शेक्सपियरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाचा पहिला भाग. लंडनच्या ईस्टचीपमधला गुत्ता, आणि तिथे दारू आणून देणारा पोऱ्या फ्रान्सिस. राजपुत्र त्याला विचारतो, “नोकरीची किती वर्षं उरली रे?” “पाच वर्षं, आणि...” एवढ्यात शेजारच्या खोलीतून राजपुत्राचा मित्र पॉइन्स याची हाक, “फ्रान्सिस!” दोघं मिळून पोऱ्याची थट्टा करतायत. पोऱ्या ओरडतो, “ॲनॉन, ॲनॉन, सर!” म्हणजे आलो, आलो साहेब! पण जाणार कसा? राजपुत्र सोडत नाही. पुन्हा हाक, पुन्हा “ॲनॉन!” शेवटी दोघं एकदमच हाका मारतात आणि फ्रान्सिस मधल्यामध्ये खिळून उभा. मालक येऊन खेकसतो, “एवढ्या हाका ऐकू येतायत आणि उभा काय राहिलास!”

हा प्रवेश मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. नाटकं टिपा पाठ करून शिकवणं बंदच व्हायला हवं.

तर, ॲनॉनचं मूळ ‘ऑन आन’, शब्दशः ‘एकात’. म्हणजे एका दमात, तत्क्षणी. पण लोक ‘आत्ता आलो’ म्हणत राहिले आणि उशिरा येत राहिले, तसा अर्थ घसरून ‘थोड्या वेळाने’ झाला. ‘सून’, ‘प्रेझेंटली’, ‘बाय अँड बाय’ यांचंही तेच झालं. 1611 च्या इंग्रजी बायबलात राणी हेरोदियाची मुलगी राजाकडे संत योहानाचं शिर ‘बाय अँड बाय’ मागते. तिला ते आत्ताच्या आत्ता हवंय. आजचा अर्थ लावला तर सगळी निकड जाते. म्हणून सांगते: जुन्या मजकुरात हे शब्द दिसले की आधी ‘लगेच’ लावून पाहा. नाही बसलं, तरच ‘थोड्या वेळाने’.

‘ओव्हरमॉरो’ म्हणजे येणारा परवा. कव्हरडेल या भाषांतरकाराच्या 1535 च्या इंग्रजी बायबलात तो आहे. आपला ‘परवा’ मागेही जातो, पुढेही.

‘सेनाइट’ सात रात्री, ‘फोर्टनाइट’ चौदा रात्री. आपला पंधरवडा पंधराचा, त्यांचा चौदाचा, हे विसरू नका. ‘बायवीकली’ मात्र पत्रात लिहूच नये. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, वाचणाऱ्याला कळत नाही. फोर्टनाइटली लिहा. आणि कुणी ‘मंडे फोर्टनाइट’ म्हणालं, तर येत्या सोमवारपासून चौदा दिवस मोजा, आजपासून नाही.