न थांबणारा साथीदार

नमस्कार श्रोतेहो.

गोव्यात चवथीला घुमट या मातीच्या तालवाद्यावर आरती होते, तिला साथीदारांची वानवा नसते. एरवी मात्र गिटार किंवा पेटी घेऊन एकट्यानं रियाझाला बसलं, तर ठेका धरायला कोण? तबलजी कामावर, बेसवाला बोटीवर! अशा वेळी संगणकावरचा साथीदार बरा.

यातला जुना आणि गाजलेला प्रोग्राम म्हणजे कॅनडातल्या पीजी म्युझिकचा बँड-इन-अ-बॉक्स, 1990 सालचा. रकान्यांत कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरगट, लिहायचे, सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन, मग शैली आणि लय ठरवायची. ड्रम, बेस, पियानो तो स्वतः रचून वाजवतो. आधी नुसते मिडीचे, म्हणजे संगणकानं घडवलेले, कोरडे आवाज होते, पुढे स्टुडिओतल्या वादकांनी खरोखर वाजवलेले तुकडे आले.

पण रियाझाचा खरा फायदा वाद्यं बंद करण्यात आहे. पियानो गप्प करा, कॉर्ड तुम्ही धरा. मग बेस काढा. शेवटी नुसते ड्रम उरले, की आपली लय कुठे पळते ते लगेच उघडं पडतं. अडणारे चार बार, म्हणजे ठेक्याचे चार छोटे भाग, संथ लयीत पुन्हा पुन्हा फिरवा, हात बसला की लय थोडी चढवा. लयभास्कर म्हणून गाजलेले तबलावादक खाप्रूमामा पर्वतकर यांच्या गोव्यात यंत्राकडून लय शिकायची, हे काहींना खटकेल. खटकू दे.

मांडो या गोव्याच्या संथ कोकणी गाण्याला मात्र जपून. गाणारा ओळीच्या शेवटी सूर लांबवतो, तेव्हा माणूस त्याच्या तोंडाकडे बघत थांबतो. प्रोग्राम पुढे निघून जातो. आणि नाट्यगीताला कॉर्ड लावूच नयेत, असं माझं मत. भैरव रागाचा आंदोलित, म्हणजे झुलता, कोमल रिषभ पियानोच्या ठरीव स्वराशी भांडतो. तिथे आयतबला प्रोसारखं तानपुरा-तबल्याचं अॅप घ्यावं, काळी चार असो की पांढरी एक, पट्टी हवी तशी लावता येते.

घरी ध्वनिमुद्रण करताना साथ हेडफोनमध्येच ऐका, नाहीतर ती माइकमध्ये शिरते आणि मग गाण्यापासून वेगळी करणं कठीण. हेडफोन वायरचा हवा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. पंखा बंद ठेवा, आणि कौलांवर पाऊस कोसळत असेल तर त्या दिवशी नुसता रियाझच करा. साथ वेव्ह फाइल म्हणून काढून ऑडासिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये घ्या, तो फुकट मिळतो, आणि आवाज वेगळ्या ट्रॅकवर भरा. सुरुवातीचे चार मोजणीचे ठोके तेवढे कापू नका, नाहीतर पहिला शब्द नेमका कुठे उचलायचा ते कळत नाही.