हवेतला तास, जमिनीवरचा तास

नमस्कार श्रोतेहो. विमान चालवायला शिकायचं म्हणजे घर विकावं लागेल, असं पुष्कळांना वाटतं. मोठी विमानं चालवायची नोकरी हवी असेल तर खर्च लाखांतच जातो, ते खरं. पण छोटं, दोन-चार माणसांचं विमान हौसेनं शिकायला सुरुवात करायची असेल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हवेतला तास महाग, जमिनीवरचा तास स्वस्त.

यावरून मला एक किस्सा सांगायचाच आहे. सांगितल्याशिवाय मी उठणार नाही.

साल १९३०. इस्माइली पंथाचे प्रमुख आगा खान यांचं ५०० पौंडांचं बक्षीस होतं : इंग्लंड ते हिंदुस्थान, कुठल्याही बाजूनं, ठरलेल्या मुदतीत एकट्यानं उडत जाणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला. तिघे निघाले. एक मनमोहन सिंग, पंतप्रधान झाले ते नव्हेत. दुसरे आपले जेआरडी टाटा. ते मुंबईतच विमान शिकले आणि १९२९ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. तिसरा अ‍ॅस्पी इंजिनिअर, वय वर्षं १७! आपली सतरा वर्षांची पोरं एकटी विरारला निघाली तरी आई दहा फोन करते.

जेआरडी कराचीहून लंडनकडे, अ‍ॅस्पी लंडनहून कराचीकडे. दोघांचीही विमानं जिप्सी मॉथ, उघड्या कॉकपिटची. वाटेत जेआरडी इजिप्तमध्ये अबूकीरला उतरले, तर तिथं हा पोरगा अडकून पडलेला. स्पार्क प्लग नाहीत! स्कूटर चालवणाऱ्यांना कळेल, प्लग गेला की गाडी ढिम्म. जेआरडींकडे जादा प्लग होते. स्पर्धा चालू, समोरचा प्रतिस्पर्धी, आणि यांनी प्लग काढून दिले. अ‍ॅस्पीनं बदल्यात आपलं लाइफ जॅकेट दिलं. जेआरडींना अजून भूमध्य समुद्र ओलांडायचा होता ना.

पुढे काय? अ‍ॅस्पी जिंकला! जेआरडी काही तासांनी मागे पडले. आणि मनमोहन सिंग? ते पुन्हा पुन्हा वाट चुकले, मुदत ओलांडली आणि बाद झाले. अ‍ॅस्पी पुढे हवाई दलात गेला आणि १९६० साली हवाई दलाचा प्रमुख झाला.

आता बघा, मनमोहन सिंगांचं घोडं अडलं ते दिशा शोधण्यात. ती विद्या नकाशा, पट्टी नि पेन्सिल घेऊन जमिनीवर शिकता येते. हवामान, दिशाशोधन, हवाई नियम, या विषयांची पुस्तकं लोकलमध्येही वाचून होतात. म्हणून पुन्हा सांगतो, जमिनीवरचा तास स्वस्त. जो तयारी करून जातो, त्याचे हवेतले तास फुकट जात नाहीत.

हवेत स्वस्तात जायचं, तर शाळा-कॉलेजच्या मुलांनी एनसीसीची एअर विंग बघावी. कॅडेटांना मायक्रोलाइटमध्ये, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानात, शेजारी वैमानिक बसवून, उडायला मिळतं. हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र आहे. ग्लायडरला इंजिन नसतं, दोरानं ओढून वर चढवतात, म्हणून विमानाच्या मानानं इंधनाचा खर्च कमी. केंद्र चालू आहे का, ते आधी फोन करून विचारा. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवतात. ते विमान नव्हे, पण वारा कसा वागतो ते अंगाला कळतं. आणि विमानात खिडकी मिळूनही पडदा ओढून झोपणाऱ्यांना माझ्या मते दंडच करायला हवा!

मुंबईत जुहूच्या विमानतळावरून आता मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात. बॉम्बे फ्लाइंग क्लबचं शिक्षण धुळ्याला चालतं, म्हणून राहण्या-जेवणाचा हिशेब आधी मांडा. शिकाऊ परवान्याला वय १६ आणि दहावी पास, खासगी परवान्याला वय १७ आणि निदान ४० तास उड्डाण. त्या तासांचे पैसे एकदम भरू नका, टप्प्याटप्प्यानं भरा.

सगळ्यात आधी मात्र वैद्यकीय तपासणी. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांकडे ‘क्लास टू’ नावाची तपासणी करून घ्या. चष्मा असला तरी घाबरू नका, चष्म्यानं नीट दिसलं की चालतं. रंग ओळखता यायला हवेत. तपासणी आधी, फी नंतर. नमस्कार.