तोंडाच्या कॅन्सरला लाईट कोणती घ्यायची? कोबाल्ट, थ्रीडी का आयएमआरटी

राम राम मंडळी. आज जरा जड विषय आहे, पण फोन एवढे येताय ना त्यावर, की म्हटलं एकदा बोलूनच टाकू. मी रावेरकडचा, रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पेशंटला टेबलावर झोपवून मशीन चालवणारा माणूस, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. फोन असा असतो की भाऊ, आमच्या आबांचं गालाचं ऑपरेशन झालं, आता लाईट घ्यायला सांगितलीये, जळगावला थ्रीडी म्हणताय, नाशिकला आयएमआरटी म्हणताय, पैशात एवढा फरक, मग कोणीतरी फसवतंय का आम्हाला?

नाही हो. ऐका.

लाईट म्हणा, शेक म्हणा, ते सगळे किरणच. गाठीला द्यायचा डोस मशीन बदललं म्हणून फारसा बदलत नाही. ऑपरेशन न करता शेक असेल तर साधारण 70 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप), रोज 2, आठवड्याचे 5 दिवस, म्हणजे 7 आठवडे. ऑपरेशननंतर असेल तर साधारण 60 ग्रे, 6 आठवडे. फरक कुठे पडतो, तर गाठ सोडून बाकी ठिकाणी किती जातं त्यात.

जुनं मशीन कोबाल्टचं. भाभा अणु संशोधन केंद्राने आपल्याकडेच बनवलेलं भाभाट्रॉन त्याच जातीतलं. त्यात कोबाल्ट-60 असतो आणि तो सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणजे जेवढ्या डोसला आधी 2 मिनिटं लागायची त्याला मग 4 लागतात. वाईट मशीन नाही ते, कित्येक लोक त्याच्यावर बरे झालेत. पण जुन्या पद्धतीत दोन्ही बाजूंनी चौकोनी खिडकी उघडल्यासारखे किरण जायचे आणि मधे येईल ते सगळं भाजून निघायचं. थ्रीडीमध्ये सीटी स्कॅन काढून गाठीच्या आकाराप्रमाणे त्या खिडकीला कडा देतात. आयएमआरटी त्याच्या पुढचं, तिथे एकाच खिडकीतून कुठे जास्त कुठे कमी असं ठरवून सोडता येतं. व्हीमॅट म्हणजे तेच, फक्त मशीन भोवती फिरत फिरत देतं, दोन-चार मिनिटांत काम होतं. प्रोटॉन म्हणजे अजून वेगळ्या जातीचा शेक, आपल्याकडे मोजक्या ठिकाणी, चेन्नईला आणि टाटाच्या खारघरला आहे, त्यावर आत्ता नको.

मग एवढा खटाटोप कशासाठी? थुंकीसाठी! हसू नका. कानाच्या पुढे खाली लाळेची मोठी ग्रंथी असते, गालगुंड झाल्यावर सुजते ना, तीच. तिच्यावर सरासरी 26 ग्रेच्या वर गेलं की लाळ परत येणं अवघड. एक काका होते, शेक संपून वर्ष झालेलं, तपासणीला यायचे तर हातात बिसलरीची बाटली, दोन शब्द बोलले की एक घोट. घरी कळण्याची भाकरी केली की म्हणायचे, नुसता भुसा तोंडात घेतल्यासारखं वाटतं, दुधात कुस्करून द्या. खान्देशातल्या माणसाला कळण्याची भाकरी आणि ठेचा बंद म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

इंग्लंडमध्ये 94 पेशंटवर याची तुलना झाली, 2011 ला छापून आली. वर्षभरानंतर जुन्या पद्धतीत 74 टक्के लोकांना तोंड कोरडं पडायचा त्रास चांगलाच होता, आयएमआरटीत 38 टक्के. पण आजार आटोक्यात राहणं आणि जगणं, यात दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. म्हणून ज्याला थ्रीडीच मिळतंय त्याने आपण मेलो असं समजू नये.

आणि आपल्याकडची अजून एक गोष्ट. गुटख्याची, तंबाखूची गोळी माणूस एकाच गालात दाबतो, वर्षानुवर्षं तोच गाल. कॅन्सर लवकर सापडला, एकाच बाजूला असला, तर कधीकधी डॉक्टर त्याच बाजूला शेक देतात, मग दुसरीकडची ग्रंथी थ्रीडीतही वाचते. म्हणून विचारताना मशीनचं नाव विचारू नका, विचारा की साहेब, एका बाजूला देणार का दोन्ही, आणि चांगल्या बाजूच्या लाळेच्या ग्रंथीवर किती ग्रे जाणार? प्लॅनच्या कागदावर तो आकडा असतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणतं टेक्निक बसतं ते आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

आता माझं स्वतःचं दुखणं सांगतो. लोक भारी टेक्निकसाठी लांब जातात, खोली भाड्याने घेतात आणि मग मधेच सुट्टी मारतात. केळीची गाडी भरायची होती, साल्याचं लग्न होतं. अरे बाबा, मधे गॅप पडला की कॅन्सरच्या उरलेल्या पेशी परत जोर धरतात! जवळ थ्रीडी घेऊन एकही दिवस न चुकवणारा माणूस मला जास्त बरा वाटतो, खरं सांगतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलतं, गिळवत नाही, तेव्हा नाकातून नळी टाकायला सांगितली तर टाकू द्या. वजन उतरलं की, शेक घेताना डोकं हलू नये म्हणून लावतात तो मास्क सैल होतो. तो जाळीचा पांढरा मास्क गरम पाण्यात मऊ करून तुमच्याच चेहऱ्यावर बसवलेला असतो, उठल्यावर कपाळावर जाळीचे ठसे दिसतात. आयएमआरटीत कडा एवढ्या बारीक असतात की गाल बसले तर किरण भलतीकडेच जायचे, मग परत सीटी, परत प्लॅन. आणि मास्क बनवताना दाढी जशी होती तशीच शेवटपर्यंत ठेवा, एक मामा मधेच दाढी वाढवून आले, मास्क बसेचना.

दाताचं राहिलं. शेक सुरू व्हायच्या आधीच दात दाखवून घ्या, काढायचे असतील ते तेव्हाच काढा, नंतर काढले तर जबड्याची जखम भरायला फार त्रास देते. त्याच्यावर पुढच्या व्हिडिओत बोलू, आणि प्लॅनचे कागद कमेंटमध्ये टाकत जाऊ नका, त्यावर पेशंटचं नाव असतं.