सुटकेचं हेलिकॉप्टर आणि सोळा वर्षांचा घोळ

नमस्कार श्रोतेहो.

लढाऊ विमान शत्रूच्या मुलखात पडलं आणि वैमानिक पॅराशूटनं सुखरूप खाली उतरला, तर त्याच्याजवळ काय असतं? एक छोटा रेडिओ, थोडं पाणी, फार तर एखादं पिस्तूल. आणि आपल्याला न्यायला कुणीतरी येणार, हा भरवसा. तो भरवसा पाळायचं काम ज्या हेलिकॉप्टरकडे असतं ते म्हातारं झालं की बदलावं लागतं. अमेरिकेसारख्या गडगंज देशाच्या हवाई दलाला हे एवढंसं काम करताना कसा घाम फुटला, ते आज सांगणार आहे.

या कामाचा श्रीगणेशा आपल्या आसामातून झाला. एप्रिल १९४४. बराक खोऱ्यातल्या लालाघाटच्या धावपट्टीवर अमेरिकन तुकडीजवळ सिकोर्स्की कंपनीची वायआर-४ जातीची हेलिकॉप्टरं होती. ब्रह्मदेशच्या जंगलात जपानी फौजांच्या मागच्या बाजूला एक छोटं विमान कोसळलं. वैमानिक आणि त्याच्यासोबतचे तीन जखमी ब्रिटिश सैनिक अडकून पडले. लेफ्टनंट कार्टर हार्मन डोंगर ओलांडून तिकडे गेला. इंजिनाची ताकद दोनशे अश्वशक्तीसुद्धा नाही, हवा दमट आणि तापलेली. एका वेळी एकच माणूस उचलता यायचा. त्यानं चौघांना एकेक करून बाहेर काढलं. लढाईतली ही हेलिकॉप्टरनं केलेली पहिली सुटका मानतात.

व्हिएतनामच्या युद्धात याचं मोठं शास्त्र झालं. एचएच-३ नावाचं हिरव्या रंगाचं धिप्पाड हेलिकॉप्टर आलं, त्याला नाव पडलं ‘जॉली ग्रीन जायंट’. भातखाचरात उतरून ते उडालं की चिखलात राक्षसाच्या पावलांसारखे ठसे उमटायचे म्हणे. तेव्हापासून हिरवी पावलं हे या लोकांचं बोधचिन्ह झालं. पुष्कळ जण ती अंगावर गोंदवून घेतात, आणि कुठे गोंदवतात ते आकाशवाणीवर सांगण्यासारखं नाही. मुंबईकरांना या हेलिकॉप्टरचा भाऊबंद ठाऊक आहे. कुलाब्याच्या आयएनएस शिक्रा तळावरचं नौदलाचं सी किंग मूळ त्याच सिकोर्स्की घराण्यातलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ तराफा बुडाला, तेव्हा सुटकेच्या कामात सी किंगही होतं.

पण हेलिकॉप्टरची मर्यादाही व्हिएतनामनंच दाखवली. एप्रिल १९७२ मध्ये लेफ्टनंट कर्नल हॅम्बलटन, वय ५३, उत्तर व्हिएतनामी फौजेच्या ऐन मधोमध पडले. त्यांना आणायला गेलेलं जॉली ग्रीन ६ एप्रिलला पाडलं गेलं आणि आतले सहाच्या सहा जण ठार झाले. मग हेलिकॉप्टरचा नाद सोडावा लागला. हॅम्बलटन गोल्फचे शौकीन. रेडिओ शत्रूही ऐकत असणार, म्हणून त्यांना रस्ता सांगितला तो ओळखीच्या गोल्फ मैदानांच्या भाषेत. अमुक मैदानातल्या अमुक क्रमांकाच्या खड्ड्याची दिशा आणि अंतर धरा, एवढंच. असे रात्री सरपटत ते नदीपर्यंत पोचले. शेवटी त्यांना आणलं नौदलाच्या टॉम नॉरिसनं आणि दक्षिण व्हिएतनामच्या न्युयेन व्हॅन कीटनं, कोळ्यांचा वेश करून, साध्या होडीतून.

हे काम एवढं जोखमीचं का, ते समजायला हेलिकॉप्टर हवेत स्थिर उभं राहतं तो क्षण डोळ्यांसमोर आणा. झाडी दाट, उतरायला जागा नाही. साठ मीटरपर्यंत उंचीवर मशीन थांबतं. दारातून पोलादी दोर सुटतो, त्याला लटकून जवान खाली जातो, जखमी माणसाला पट्ट्यात बांधतो, वरचा माणूस यंत्रानं दोर ओढून घेतो. तेवढा वेळ पायलटनं जागचं हलायचं नाही. आवाज मैलभर ऐकू जातोय, पात्यांच्या वाऱ्यानं फांद्या आडव्या झाल्यात, म्हणजे ‘आम्ही इथं आहोत’ अशी दवंडीच. दोन्ही दारांतल्या मशीनगन कशासाठी असतात ते लक्षात आलं असेल.

१९८० च्या दशकापासून हे काम एचएच-६० पेव्ह हॉककडे आलं. ब्लॅक हॉकचीच ही सुधारलेली आवृत्ती, पण तिचं एक कायमचं दुखणं होतं. लांब जायचं तर मूळ टाकीतलं तेल पुरत नाही, म्हणून जादा टाक्या थेट केबिनमध्ये ठेवलेल्या. म्हणजे जखमीला झोपवायच्या जागेत इंधन! शिवाय वर्षानुवर्षं नवनवी उपकरणं चढवत गेल्यामुळे वजन वाढलं, आणि उंचावर, उन्हाळ्यात त्याची दमछाक व्हायची. इराक आणि अफगाणिस्ताननं तर त्याचा पार पिट्ट्या पाडला.

म्हणून हवाई दलानं १४१ नव्या हेलिकॉप्टरांची निविदा काढली. इथून कहाणी तुमच्या-माझ्या ओळखीची व्हायला लागते. स्पर्धेत तिघं होते. बोइंगचं चिनूक, तेच जे २०१९ पासून आपल्या चंडीगडच्या तळावर आहे. दुसरं सिकोर्स्कीचं एच-९२. तिसरं लॉकहीड मार्टिनच्या नावानं उतरलेलं, पण मूळचं ऑगस्टा वेस्टलँडचं एडब्ल्यू-१०१. हो, तेच, ज्याच्या व्हीव्हीआयपी सौद्यावरून आपल्याकडे एवढा गदारोळ झाला. नोव्हेंबर २००६ मध्ये बोइंग जिंकलं. चिनूक उचलायला दांडगं, लांबही जातं, पण खाली लटकलेल्या माणसाला त्याच्या वाऱ्यात उभं राहणं मुश्कील, अशी टीका लगेच सुरू झाली. हरलेल्या दोघांनी तिकडच्या सरकारी हिशेब-तपासणी कार्यालयाकडे दाद मागितली. देखभालीचा खर्च निविदेत लिहिल्याप्रमाणे मोजलाच नाही, हा आक्षेप फेब्रुवारी २००७ मध्ये मान्य झाला. हवाई दलानं निविदेत डागडुजी केली. ऑगस्टमध्ये पुन्हा त्यांच्याविरुद्ध निकाल. अखेर एप्रिल २००९ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी सगळा प्रकल्पच गुंडाळला.

गंमत अशी की त्याच वर्षी त्याच गेट्सनी फर्मान काढलं, अफगाणिस्तानात जखमी झालेला सैनिक एका तासाच्या आत शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचला पाहिजे. फर्मान योग्यच होतं, त्यानं माणसं वाचली. पण पाळायचं कुणी? त्याच थकलेल्या पेव्ह हॉकनी. लढाऊ वैमानिक शोधायला बांधलेली हेलिकॉप्टरं रोज सुरुंगानं जखमी झालेले पायदळाचे जवान वाहून नेऊ लागली. माझ्या मते गेट्स यांचा खरा अन्याय हा. प्रकल्प सदोष होता म्हणून बंद केला, ठीक. पण त्याच्या जागी पाच वर्षं काहीच उभं राहिलं नाही.

दुसरी निविदा निघाली तेव्हा टिकला एकटा सिकोर्स्की. एकच निविदा आली की आपल्याकडे फेरनिविदा काढतात. तिकडे जून २०१४ मध्ये कंत्राट देऊन मोकळे झाले, १२८ कोटी डॉलरचं, आणि लक्ष्य ११२ हेलिकॉप्टरांचं. मे २०१९ मध्ये एचएच-६०डब्ल्यू पहिल्यांदा उडालं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचं बारसं झालं, ‘जॉली ग्रीन टू’. तेव्हाचे हवाई दलप्रमुख होते डेव्हिड गोल्डफीन. १९९९ मध्ये सर्बियावर त्यांचं एफ-१६ पाडलं गेलं होतं आणि एका हेलिकॉप्टरनंच त्यांना उचलून आणलं होतं.

मशीन म्हणाल तर चांगलं उतरलंय. मूळ टाकी ३६० गॅलनवरून ६६० गॅलनवर नेली, आपल्या हिशेबानं साधारण अडीच हजार लिटर. केबिनमधल्या टाक्या गेल्या, जखमीची जागा जखमीला मिळाली. हवेतल्या हवेत तेल भरायची नळी आहेच. त्यासाठी टँकर विमान कसंबसं तरंगण्याइतकं हळू उडतं, हेलिकॉप्टर जीव तोडून धावतं, तेव्हा कुठे दोघांची गाठ पडते. आणि हे बहुधा रात्री, जमिनीलगत.

पण ऑक्टोबर २०२२ मध्ये ते कामगिरीला सज्ज असल्याचं जाहीर होण्याआधीच, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, हवाई दलानं अंदाजपत्रकात खरेदी ७५ वर थांबवायचा प्रस्ताव ठेवला होता. कारण पुढची लढाई प्रशांत महासागरात होईल, तिथली अंतरं प्रचंड, समोर चीनची क्षेपणास्त्रं, तिथं हे हेलिकॉप्टर टिकणार नाही. संसदेनं पुढे त्यात काही भर घातली. हवाई दलाचा युक्तिवाद खोटा नाही. पण तो खरा असेल तर प्रशांत महासागरात पडलेल्या वैमानिकाला आणणार कोण? ‘दुसरे मार्ग शोधतोय’ यापलीकडे मला तरी उत्तर सापडलेलं नाही. शिवाय प्रत्येक लढाई चीनशीच होणार असं कुठे ठरलंय? अफगाणिस्तानही कुणी आधी ठरवलं नव्हतं.

हे ऐकताना नाशिक रोडच्या श्रोत्यांना हसू आलं असेल. गांधीनगरला लष्करी वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, तिथं डोक्यावरून जाणारी चेतक म्हणजे १९५९ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या फ्रेंच आराखड्याची, आणि चीता १९६९ च्या. सियाचीनमधून आजारी, जखमी जवान खाली आणायचं काम चीतानं वर्षानुवर्षं केलंय, आणि त्याबद्दल या यंत्राला सलामच. पण बदली? २०१५ मध्ये रशियाशी दोनशे कामोव्हचा करार झाला, हेलिकॉप्टरं आली नाहीत. एचएएलचं हलकं हेलिकॉप्टर २०१६ मध्ये उडालं, तुमकुरूचा कारखाना २०२३ मध्ये सुरू झाला. अपघातांना कंटाळून लष्करी वैमानिकांच्या पत्नींनी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे ही जुनी हेलिकॉप्टरं बंद करा म्हणून निवेदन दिलं होतं. त्यालाही आता दहा वर्षं होऊन गेली, आणि चीता अजून सेवेत आहे.

आजच्यापुरतं एवढंच. नमस्कार.